आयकराच्या नावाने येणारे बनावट संदेश आणि पॅनची चोरी: ओळख, पडताळणी आणि तक्रार

आयकर विवरणपत्र भरून झाले की करदात्याच्या मनात दोनच प्रश्न उरतात: रिफंड कधी जमा होणार आणि एखादी नोटीस तर येणार नाही ना. भामट्यांना नेमकी हीच मनःस्थिती उपयोगी पडते. ‘आपला रिफंड मंजूर झाला आहे’ असा मेसेज असंख्य लोकांना एकाच वेळी पाठवला, तर त्यांतल्या पुष्कळांचा रिफंड खरोखरच यायचा असतो आणि मेसेज अगदी वेळेवर आला असे त्यांना वाटते. पाठवणाऱ्याला त्यांच्याबद्दल काही ठाऊक असण्याची गरजच पडत नाही. म्हणून या लेखात मी सर्वाधिक भर एकाच सवयीवर देणार आहे. आयकर खात्याच्या नावाने काहीही आले, तरी त्यात दाखवलेल्या वाटेने पुढे जाऊ नये. ब्राउझरमध्ये इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करावा, लॉग-इन करावे आणि मेसेजमध्ये सांगितलेली गोष्ट तिथे दिसते का ते पाहावे.

मेसेज नीट वाचावा कसा

बोधचिन्ह, सरकारी भाषा, अधिकाऱ्याची सही यांवरून खरेखोटे ठरवू नये, कारण या सगळ्याची नक्कल मिनिटभरात होते. मेसेजमध्ये आपले नाव, जन्मतारीख आणि अचूक पॅन असला तरी तो पुरावा धरू नये. पॅन कार्डाच्या छायाप्रती आपण वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी देत आलेलो असतो, आणि त्यांतल्या किती सुरक्षित राहिल्या हे कोणालाही सांगता येणार नाही.

२०२३ मध्ये फिरलेल्या एका मेसेजचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेक विभागाने तो बनावट असल्याचे जाहीर केले होते. त्यात १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचे म्हटले होते, पुढे मधले आकडे झाकलेला एक खाते क्रमांक दिला होता, आणि हा क्रमांक चुकीचा असल्यास खालील लिंकवर दुरुस्त करावा अशी सूचना होती. सगळी मेख त्या खाते क्रमांकात आहे. तो आपला नसतोच. त्यामुळे पैसे दुसऱ्याच कोणाच्या खात्यात जातील या धास्तीने वाचणारा स्वतःहून लिंक उघडतो आणि खऱ्या खात्याचा तपशील भरून मोकळा होतो. रक्कमही गोळाबेरीज नसलेली, हिशेब करून काढल्यासारखी ठेवलेली असते.

प्रत्यक्षात रिफंड कसा मिळतो हे माहीत असेल, तर असा मेसेज पहिल्याच ओळीत उघडा पडतो. विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर, करदात्याने आयकर खात्याच्या पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात रक्कम थेट जमा होते. त्यासाठी करदात्याची मंजुरी लागत नाही, ओटीपी लागत नाही, कार्डाचा क्रमांक लागत नाही आणि कोणतेही शुल्क भरावे लागत नाही. काही कारणाने रक्कम जमा झाली नाही, तर ती पुन्हा पाठवण्याची विनंती लॉग-इन केल्यानंतर पोर्टलवरूनच करावी लागते. कार्डाचा पिन, बँकेचा पासवर्ड किंवा तत्सम माहिती आयकर खाते ई-मेलवर कधीही विचारत नाही, हे खात्याने स्वतः वारंवार सांगितले आहे.

लिंकचा पत्ता तपासताना तो डावीकडून वाचू नये, कारण फसवणारा डावीकडेच ओळखीचे शब्द पेरतो. पत्त्यातील पहिली एकेरी तिरकी रेघ शोधावी आणि तिच्या लगेच आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचत जावा. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असा पत्ता असेल, तर ते संकेतस्थळ अमुक डॉट कॉमचे आहे; आधी लिहिलेले सरकारी नाव निव्वळ सजावट आहे. ‘इन्कमटॅक्स’ आणि ‘रिफंड’ हे शब्द आडव्या रेघेने जोडून पुढे डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग लावलेले पत्तेही असेच समजावेत. खात्याच्या संकेतस्थळांचे आणि ई-मेलचे पत्ते गव्ह डॉट इन या शेपटाने संपतात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा: पॅनचे अर्ज स्वीकारणाऱ्या प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल या अधिकृत संस्थांच्या संकेतस्थळांचे पत्ते गव्ह डॉट इनवर संपत नाहीत, त्यामुळे पॅनच्या कामासाठी तिथे जायचे असल्यास आयकर खात्याच्या पोर्टलवरून वाट धरणे सर्वांत सुरक्षित ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पॅन २.० या, पॅनची व्यवस्था अद्ययावत करणाऱ्या, प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ‘नवे ई-पॅन डाउनलोड करा’ अशा बनावट ई-मेलना ऊत आला, तो याच गोंधळाचा फायदा घेऊन.

एसएमएसच्या बाबतीत पाठवणाऱ्याचे नाव पाहावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या मे २०२५ पासूनच्या व्यवस्थेनुसार सरकारी मेसेजच्या नावाशेवटी आडवी रेघ आणि इंग्रजी ‘जी’ हे अक्षर असते. साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘आयकर विभागा’वर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही. उलट बाजूही सांगायला हवी. विवरणपत्रातील उत्पन्न आणि खात्याकडील माहिती जुळत नसेल, तर खाते खरोखरच एसएमएस आणि ई-मेल पाठवते. म्हणून प्रत्येक मेसेज खोटा ठरवून पुसून टाकणेही धोक्याचे आहे. पोर्टलवर जाऊन खात्री केल्यावरच तो सोडून द्यावा.

नोटीस आली असेल तर

१ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक म्हणजे ‘डिन’ असावा लागतो. तो खरा आहे का हे कोणालाही, लॉग-इन न करता, तपासता येते. पोर्टलच्या मुखपृष्ठावर झटपट दुव्यांच्या यादीत खात्याने काढलेली नोटीस किंवा आदेश पडताळण्याचा पर्याय आहे. तिथे पत्रावरील डिन आणि आपला मोबाइल क्रमांक टाकावा, किंवा पॅन, पत्राचा प्रकार, करनिर्धारण वर्ष, पत्राची तारीख आणि मोबाइल क्रमांक भरावा. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की असे पत्र खात्याने काढले आहे की नाही हे पडद्यावर दिसते. पत्र व्हॉट्सॲपवर पीडीएफच्या रूपात आले असो की कुरिअरने घरी आले असो, ही पडताळणी केल्याशिवाय त्यातील कोणत्याही क्रमांकावर फोन करू नये.

नोटिशीत कर थकल्याचे म्हटले असेल, तर लॉग-इन करून थकीत मागणीचा विभाग पाहावा. खरी मागणी तिथे दिसते आणि तिला असहमती नोंदवण्याची सोयही तिथेच असते. कर भरायचा झाला तर तो पोर्टलवरील ई-पे टॅक्स या सुविधेतून चलन तयार करून भरला जातो. एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय पत्त्यावर, खासगी बँक खात्यात किंवा मेसेजमधल्या क्यूआर कोडवर भरलेला पैसा सरकारच्या तिजोरीत जात नाही.

फोनवरून धमकावणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. ‘तुमच्या पॅनवर काळ्या पैशाचे व्यवहार सापडले आहेत, अटकेचे आदेश निघाले आहेत, व्हिडिओ कॉल बंद करू नका’ अशा भाषेत ते तासन्‌तास माणसाला खिळवून ठेवतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. आयकराची चौकशी लेखी नोटिशीने सुरू होते, उत्तरासाठी मुदत दिली जाते आणि आता बहुतेक करनिर्धारण चेहराविरहित पद्धतीने, म्हणजे अधिकाऱ्याशी समोरासमोर भेट न होता, पोर्टलमार्फतच होते. फोनवर पैसे भरून ते मिटत नाही. असा फोन आल्यास वाद घालण्यात किंवा त्याला खिंडीत पकडण्यात वेळ घालवू नये. फोन ठेवावा आणि घरातल्या एखाद्या माणसाला ताबडतोब सांगावे. एकट्याने सहन करत राहिल्यामुळेच या प्रकारात आयुष्यभराची पुंजी जाते, आणि ज्येष्ठांना हे आधीच समजावून ठेवणे घरातील तरुणांचे काम आहे असे मला ठामपणे वाटते.

ॲप डाउनलोड करायला सांगितले तर

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या अँड्रॉइड मालवेअरबद्दल, म्हणजे माहिती चोरणाऱ्या घातक ॲपबद्दल, इशारा दिला होता. २७ हून अधिक भारतीय बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर आले होते. त्याची रीत आजही जशीच्या तशी वापरली जाते. एसएमएसमधली लिंक आयकर पोर्टलसारख्या दिसणाऱ्या पानावर नेते, तिथून पडताळणीच्या नावाखाली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उतरवून घेतली जाते, ते ॲप एसएमएस, कॉल आणि संपर्कयादीची परवानगी मागते, आणि पुढे पॅन, आधार, खाते क्रमांक, आयएफएससी, कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही आणि पिनपर्यंत सगळे विचारते. मग पडद्यावर रिफंडची रक्कम दाखवून ती खात्यात घेण्यासाठी बटण दाबायला सांगतात. बटण दाबताच त्रुटी आल्याचे दिसते आणि अपडेट चालू असल्याचा खोटा पडदा झळकतो. तेवढ्यात फोनमधले एसएमएस भामट्याकडे पोहोचत असतात. एपीके फाइल मेसेजमधून आली, एवढे एकच कारण ती न उघडण्यासाठी पुरेसे आहे.

पॅन चोरीला गेल्याचे कळते कसे

पैसे गेले तर लगेच कळते. पॅनचा गैरवापर मात्र महिनोन्‌महिने लक्षात येत नाही आणि जेव्हा येतो तेव्हा कोट्यवधींच्या उलाढालीची नोटीस एखाद्या पगारदाराच्या किंवा रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात असते. म्हणून पुढील तपासण्या काहीही संशय नसताना, वर्षातून निदान दोनदा कराव्यात.

पहिली तपासणी वार्षिक माहिती विवरणाची, म्हणजे एआयएसची. पोर्टलवर लॉग-इन केल्यावर हे विवरण उघडता येते आणि त्यात आपल्या पॅनवर नोंदलेले पगार, व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार, मालमत्तेची खरेदी-विक्री आणि कापलेला कर दिसतो. प्रत्येक ओळ सावकाश वाचावी. जिथे कधी काम केले नाही अशा कंपनीने दिलेला पगार, उघडल्याचे आठवत नाही अशा खात्यातील व्याज किंवा माहीत नसलेली मोठी रोख रक्कम दिसली, तर ती चूक असू शकते आणि चोरीही. त्या ओळीवर तिथेच प्रतिसाद नोंदवता येतो: माहिती दुसऱ्या पॅनची किंवा वर्षाची आहे, ती पूर्णपणे बरोबर नाही, किंवा ती आपल्याला मान्य नाही, असे पर्याय असतात.

दुसरी तपासणी जीएसटी पोर्टलवर करावी. तिथे करदाता शोधण्याच्या विभागात पॅननुसार शोध घेता येतो आणि लॉग-इनची गरज लागत नाही. आपल्या पॅनवर किती जीएसटी नोंदण्या आहेत आणि कोणत्या राज्यांत आहेत, हे तिथे दिसते. बोगस बिलांच्या धंद्यात दुसऱ्याच्या पॅनवर कंपन्या उभ्या केल्या जातात, त्यामुळे व्यवसाय न करणाऱ्यांनी तर ही तपासणी अवश्य करावी.

कर्जासाठी पॅन वापरला गेला आहे का, हे पतमाहिती अहवालातून समजते. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते, आणि आधार कुठे कुठे वापरले गेले याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतो. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोयही तिथेच आहे.

विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष काळजीने पाहावी, कारण फसवणूक दर वेळी अनोळखी माणूसच करतो असे नाही. जुलै २०२५ मध्ये खोट्या वजावटींविरुद्ध देशभर कारवाई झाली, तेव्हा आयकर खात्याने नमूद केले होते की काही विवरणपत्र भरणारे मध्यस्थ मोठ्या संख्येने विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते तयार करतात आणि नंतर ते टाकून देतात, त्यामुळे खात्याच्या नोटिसा वाचल्याच जात नाहीत. जास्त रिफंड मिळवून देतो, त्यातला हिस्सा द्या, असे कोणी म्हणत असेल तर तो आपल्या पॅनवर खोटे लिहिणार आहे आणि जबाब आपल्यालाच द्यावा लागणार आहे. पोर्टलवरील आपल्या प्रोफाइलमध्ये मोबाइल क्रमांक, ई-मेल आणि बँक खाते स्वतःचेच आहे याची आजच खात्री करावी, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत मागून घ्यावी.

तक्रार: काय घडले आहे त्यावर क्रम ठरतो

फक्त मेसेज किंवा ई-मेल आला असेल आणि आपण काहीही केले नसेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा. ई-मेल वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर पाठवावा आणि त्याची प्रत इन्सिडेंट ॲट सर्ट-इन डॉट ऑर्ग डॉट इन या पत्त्यावर द्यावी. या दुसऱ्या पत्त्यात सर्ट आणि इन यांच्यामध्ये आडवी रेघ आहे. शक्य असल्यास ई-मेलचे संपूर्ण हेडरही जोडावे. ई-मेल सेवेतील ‘मूळ संदेश दाखवा’ या पर्यायात ते मिळते आणि पाठवणाऱ्याचा माग काढायला त्याचाच उपयोग होतो. मगच मेसेज पुसावा. संशयास्पद फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲप मेसेज संचार साथी पोर्टलवरील चक्षू या सुविधेत नोंदवावेत.

माहिती दिली गेली पण पैसे अजून गेलेले नाहीत, अशा वेळी बँकेला तत्काळ कळवून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करून घ्यावे आणि आयकर पोर्टलचा पासवर्ड बदलावा. पोर्टलवरील ई-फायलिंग व्हॉल्ट ही अतिरिक्त सुरक्षा चालू केल्यास केवळ पासवर्ड मिळवून कोणाला आत शिरता येत नाही. फोनमध्ये एपीके बसवली गेली असेल, तर त्याचे इंटरनेट बंद करावे आणि ही सगळी कामे दुसऱ्या फोनवरून करावीत, कारण पहिल्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी भामटाही वाचत असू शकतो.

पैसे गेले असतील तर बाकी सारे बाजूला ठेवून १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा. घाई का करावी, हे या व्यवस्थेच्या रचनेवरून समजते. आपली तक्रार नोंदली की ती आपल्या बँकेकडे आणि पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे पोहोचते. रक्कम त्या खात्यात असेल तर ती गोठवली जाते आणि पुढे सरकली असेल तर तक्रार पुढच्या बँकेकडे जाते. पैसा रोख काढला गेला की हा पाठलाग तिथेच संपतो. फोन लावण्यापूर्वी खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख व वेळ, रक्कम, यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि समोरच्याचा मोबाइल क्रमांक एका कागदावर लिहून घ्यावा. क्रमांक लागत नसेल तर थांबून न राहता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरावी. फोन लागला असला तरी तिथे सविस्तर तक्रार पुरी करून पोच क्रमांक जपून ठेवावा. बँकेला वेगळे, लेखी कळवणेही तितकेच आवश्यक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवताना, त्याने बँकेला किती दिवसांत कळवले यालाच मोठे महत्त्व दिले आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेवर टाकले. ओटीपी आपणच सांगितला होता, आता काय उपयोग, असा विचार करून गप्प बसू नये.

तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारे फोन येऊ शकतात. तेही भामटेच असतात. या कामासाठी पोलीस किंवा १९३० कोणतेही शुल्क घेत नाहीत.

पॅनचा गैरवापर उघड झाला असेल, तर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. दुसऱ्याच्या ओळखीचा बेइमानीने वापर करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे हा कलम ६६डी खाली गुन्हा आहे. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले जात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. पोलिसांच्या पोचेची प्रत जोडून आयकर पोर्टलवर ग्रिव्हन्स विभागात तक्रार करावी. बनावट जीएसटी नोंदणी सापडली असल्यास जीएसटी पोर्टलच्या तक्रार व्यवस्थेत, आणि बोगस कर्ज दिसल्यास कर्ज देणारी संस्था व पतमाहिती संस्था या दोघांकडेही लेखी तक्रार करावी. पतमाहिती संस्थेकडील तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे.

जुन्या पॅनचा गैरवापर झाला म्हणून नवा काढण्याच्या फंदात कोणी पडू नये. दोन पॅन बाळगल्यास १०,००० रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. व्यवहार आपला नसला तरी खऱ्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावेच लागते, कारण उत्तर न आल्यास अधिकारी उपलब्ध माहितीवरूनच निर्णय देऊ शकतो. उत्तरात तो व्यवहार नाकारावा, त्या काळातील आपली नोकरी व बँक खाती यांचा तपशील द्यावा, एआयएसवर नोंदवलेल्या प्रतिसादाची आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडावी. रक्कम मोठी असल्यास हे उत्तर सीएच्या मदतीनेच तयार करावे. ज्या संस्थेने आपल्या पॅनवर चुकीची नोंद केली, तिने स्वतःचे विवरण दुरुस्त करेपर्यंत ती नोंद पुढेही दिसत राहू शकते, म्हणून त्या संस्थेलाही दुरुस्तीची मागणी लेखी करावी, आणि सगळ्या पोचा एकाच फाइलमध्ये तारखेनुसार लावून पुढील वर्षांच्या चौकशीसाठी ठेवून द्याव्यात.